पावती कुणाच्या नावाने फाडायची?

दर १ जुलैला लायन्स आणि रोटरी क्लबांचे नवे वर्ष सुरू होते. अध्यक्षांच्या गळ्यात हार पडतो, खजिनदाराच्या हाती पावतीपुस्तके. आयकराचे वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. म्हणजे एकाच आर्थिक वर्षाचे पहिले तीन महिने जुन्या खजिनदाराचे, उरलेले नऊ नव्याचे. मे महिन्यातल्या मांडववाल्याचे बिल कुणाकडे राहिले, यावरून ऑडिटच्या वेळी फोनाफोनी ठरलेलीच.

तालुक्याच्या गावात या मंडळींबद्दल एक शंका कायमची असते: आमच्या देणग्यांवर यांच्या जेवणावळी उठतात. लायन्सचा नियम याच्या नेमका उलट आहे. लोकांकडून जमवलेला पैसा क्लब चालवायला वापरता येत नाही. त्याचा हिशेब वेगळा. हॉलचे भाडे, जेवण, वरची फी हे सगळे सभासदांच्या वर्गणीतून. आंतरराष्ट्रीय फी ठरते डॉलरमध्ये, त्यामुळे रुपया घसरला की गावातल्या किराणा दुकानदाराचाही हप्ता वाढतो!

समजा, क्लबने नाटकाचा प्रयोग कंत्राटावर घेतला. तिकिटांचे दीड लाख आले, कंपनी आणि नाट्यगृहाला १ लाख १० हजार गेले. हा थेट खर्च वजा करायला मुभा आहे. उरलेले ४० हजार मोतीबिंदूच्या शिबिरालाच जायला हवेत. अध्यक्षांच्या अभिनंदनाच्या फलकाला त्यातला रुपया नाही. पंचाईत अशी, की शिबिराला देणगी देणारे शंभर भेटतात, ऑडिटची फी देणारा एकही नाही.

क्लबचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. शहाणे क्लब म्हणूनच विश्वस्त दरसाल बदलत नाहीत.

खरी गंमत परदेशातल्या गाववाल्याच्या देणगीची. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर बँकेमार्फत आलेली त्याची बचत चालते. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर तीच रक्कम विदेशी देणगी ठरते. मग विदेशी देणगी कायद्याची (एफसीआरए) परवानगी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरवावे लागतात. दिवाळीला गावी येऊन त्याने रुपये दिले तरी फरक पडत नाही. चार चष्म्यांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? त्याच्या वडिलांनी स्वतःच्या पेन्शनमधून दिले, तर मात्र पावती लगेच फाडता येते. आयकरातली ८०जीची सवलत हवी असेल, तर २,००० रुपयांच्या वर रोख नको, असे सांगायचे.