सुटल्यानंतरचा हिशेब

तुरुंगाविषयीची आपली चर्चा शिक्षा सुनावली गेली की संपते. शिक्षा कमी झाली की पुरेशी, यावर दोन दिवस वाद होतात. ती भोगून माणूस बाहेर पडल्यावर त्याचे काय झाले, याची चौकशी कोणी करत नाही. जोन पीटरसिलिया या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ विदुषीने नेमकी हीच चौकशी आयुष्यभर केली. १९७४ मध्ये त्या कॅलिफोर्नियातल्या रँड या संशोधनसंस्थेत दाखल झाल्या, पुढे अर्व्हाइन आणि स्टॅनफर्ड इथे प्राध्यापक झाल्या. २०१४ मध्ये त्यांना गुन्हेशास्त्रातला स्टॉकहोम पुरस्कार विभागून मिळाला, आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे निष्कर्ष कडक शिक्षेच्या पुरस्कर्त्यांना कायम सोयीचे ठरले नाहीत आणि सुधारणावाद्यांनाही नाहीत. तुरुंगाच्या बाबतीत नुसता कडकपणा चालत नाही तशी नुसती कणवही चालत नाही. सुटलेल्या माणसाचा माग ठेवल्याखेरीज दोन्ही अंदाजपंचेच राहतात. त्यांच्या कामातून निघणारा हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे.

त्यांनी काम सुरू केले त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांचा एक लेख गाजला. कैद्यांना सुधारण्याच्या कार्यक्रमांचा फारसा उपयोग होत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. १९७९ मध्ये मार्टिन्सन यांनी स्वतःच ते मत बरेच सौम्य केले, पण तोवर राजकारणाने कडक शिक्षेकडे वळण घेतले होते. १९८५ मध्ये पीटरसिलिया आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या दोन परगण्यांत, गंभीर गुन्हा करूनही तुरुंगात न जाता परिवीक्षेवर सुटलेल्या लोकांचा चाळीस महिने माग काढला. त्यांतल्या ६५ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली होती. सुधारणावाद्यांना हा आकडा झोंबला. त्यावर तोडगा निघाला तो देखरेख कडक करण्याचा. एका अधिकाऱ्याकडे मोजकीच माणसे द्यायची, वरचेवर भेटी घ्यायच्या, लघवी तपासून मादक द्रव्ये घेतली का ते पाहायचे. हे कानाला पटणारे होते, आणि तुरुंगापेक्षा स्वस्तही वाटत होते.

पीटरसिलिया आणि सुझन टर्नर यांनी हा तोडगा, औषधाची चाचणी घेतात तसा, ९ राज्यांतल्या १४ ठिकाणी तपासला. सुमारे २,००० जणांपैकी कोण कडक देखरेखीखाली जाईल आणि कोण नेहमीच्या, हे अधिकाऱ्यांच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. वर्षभरात कडक देखरेखीखालच्या ३७ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली. नेहमीच्या देखरेखीत हे प्रमाण ३३ टक्के होते. गुन्हे काही कमी झाले नव्हते. अटी मोडल्याची नोंद मात्र ३८ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेली. जास्त लक्ष ठेवले की चुकलेली भेट आणि नापास तपासणी जास्त सापडते, त्यापायी माणूस तुरुंगात जातो आणि वाचवायचा म्हणून ठरवलेला पैसा तिथेच खर्च होतो. देखरेखीला व्यसनमुक्ती आणि समुपदेशनाची जोड मिळाली, तिथे पुन्हा गुन्हा होण्याचे प्रमाण १० ते २० टक्क्यांनी कमी दिसले. म्हणजे 'काहीच उपयोग होत नाही' हे खोटे होते, आणि 'नुसता धाक पुरतो' हेही.

अमेरिकेत वर्षाला सुमारे सहा लाख लोक तुरुंगातून सुटत होते, तेव्हा २००३ मध्ये पीटरसिलिया यांचे 'व्हेन प्रिझनर्स कम होम' हे पुस्तक आले. कॅलिफोर्नियात सुटताना हातात २०० डॉलर पडत. ही रक्कम १९७३ पासून तेवढीच होती, आणि कपड्यांचा व बसभाड्याचा खर्च त्यातूनच वळता होई. उरलेल्या पैशात घर मिळत नाही आणि पत्ता नसला की नोकरीही मिळत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले. नोंद कोरी असलेल्या गोऱ्या तरुणांना ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले. तुरुंगवास सांगणाऱ्या गोऱ्यांना १७ टक्के. काळ्या तरुणांचे आकडे १४ आणि ५ होते. यावर उपाय म्हणून अर्जातला 'गुन्हा झाला आहे का' हा रकानाच काढण्याची मोहीम निघाली. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरातल्या नंतरच्या अभ्यासात मात्र गोऱ्या-काळ्या अर्जदारांतली दरी उलट रुंदावलेली दिसली. माहिती मिळेना तेव्हा मालक कातडीच्या रंगावरून अंदाज बांधू लागले असावेत. चांगल्या हेतूने केलेल्या उपायाचीही तपासणी का लागते, याचे हे उदाहरण.

सुटलेल्यांचा असा माग ठेवण्यावर पहिला आक्षेप येतो तो बळी पडलेल्यांच्या बाजूने. ज्याने कोणाचे घर उद्ध्वस्त केले त्याच्या घराची चिंता कशाला? ही चीड रास्त आहे. पण बहुतेक कैदी आज ना उद्या सुटतातच, आणि ते बाहेर काय करतात यावर उद्याच्या बळींची संख्या ठरते. पुनर्वसनाचा हिशेब मागणे म्हणजे गुन्हेगाराला माफी देणे नव्हे. दुसरा आक्षेप असा की संशोधनाने काही बदलत नाही. कॅलिफोर्नियाचे तुरुंग हलके झाले ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ मधल्या आदेशामुळे, हे खरेच आहे. पण न्यायालय गर्दी कमी करा एवढेच सांगू शकते. कोणाला सोडले तर धोका कमी, हे सांगायला आधी कोणीतरी वर्षानुवर्षे मोजलेले असावे लागते.

अमेरिकेचे आकडे आपल्याला लागू नाहीत, हा तिसरा आक्षेप निम्मा मान्य करावा लागेल. भारतातल्या तुरुंगांत ३१ डिसेंबर २०२२ रोजी ४,३६,२६६ जणांच्या जागेत ५,७३,२२० जण होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. आपल्याकडे तुरुंगातून बाहेर पडणाऱ्या पुष्कळांचा गुन्हा सिद्धच झालेला नसतो. जामीन मिळूनही जामीनदार न मिळाल्याने काही जण आतच राहतात. गरीब कैद्यांसाठी केंद्राने २०२३ मध्ये आणलेल्या योजनेत कच्च्या कैद्याला ४०,००० आणि शिक्षा झालेल्याला २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद करण्यात आली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंदीजनांच्या पुनर्वसनाचे काम करतो आहे. आकडे तिथले घेऊ नयेत, पद्धत मात्र घ्यावी. आपला तुरुंगांचा वार्षिक अहवाल मुख्यतः एका दिवशी आत किती माणसे होती ते सांगतो. सुटलेल्यांपैकी वर्षभराने किती जणांना घर आणि काम मिळाले आणि किती जण परत आत आले, हे तीन आकडे राज्यातल्या प्रत्येक कारागृहाने नाव उघड न करता दरवर्षी द्यावेत, आणि आमदारांनी तुरुंगांसाठी नवा निधी मंजूर करण्यापूर्वी ते मागावेत.