तांबड्या तारेचे शास्त्र

वीज दूरवर नेताना तिच्या वाटेतील अडथळा शक्य तितका कमी करावा, हा विद्युत्शास्त्राचा पहिला धडा होय. म्हणूनच घरोघरच्या तारा तांब्याच्या असतात आणि रानावनांतून जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या ॲल्युमिनियमच्या. वाटेत जेवढा अडथळा, तेवढी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. परंतु घरात अशीही काही उपकरणे असतात, की ज्यांचे सारे कार्य या अडथळ्यावरच चालते. इस्त्री, शेगडी, पाणी तापविण्याचा गीझर आणि सकाळी पाव भाजणारा टोस्टर ही त्यांतलीच. इतरांची तार झाकलेली असते. टोस्टरची मात्र उघडी, तांबडीलाल होताना डोळ्यांना दिसणारी. अडथळ्यातून उपयोग कसा निर्माण होतो, आणि तोच अडथळा भलत्या जागी आला तर अनर्थ कसा होतो, हे या साध्या उपकरणाइतके स्पष्टपणे दुसरे कोणी क्वचितच सांगेल.

या तारेची गोष्ट सांगण्यास बंगळूरची चिकपेट ही योग्य जागा आहे. केंपेगौडाने १५३७ साली वसविलेल्या जुन्या पेठेचा हा भाग. पुढे सतराव्या शतकात बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि १६८७ साली मुघलांकडून तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले, हा इतिहास मराठी श्रोत्यांस अपरिचित नाही. याच चिकपेटेत १८९८ साली बंगळूर ब्रदर्स बेकरी उघडली, आणि आज कर्नाटकात गल्लोगल्ली दिसणाऱ्या अय्यंगार बेकऱ्यांची परंपरा तेथून सुरू झाली. वीज आली ती थोडी नंतर. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ साली जलविद्युत्केंद्र सुरू झाले. पण त्याची वीज प्रथम गेली ती सुमारे दीडशे किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना. बंगळूर शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ सालच्या ऑगस्टमध्ये. टोस्टरला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, पाव आणि वीज, अशा सात वर्षांच्या अंतराने येथे आल्या.

आज चिकपेटेच्या बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्यावर आणि जवळच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर विजेच्या सामानाची दुकाने एकास एक लागून आहेत. अशा बाजारात जळालेल्या टोस्टरसाठी तापणारी तार, म्हणजे बोलीभाषेतील 'एलिमेंट', घेण्यास आलेले गिऱ्हाईक बहुधा दोनच प्रश्न विचारते: किंमत काय, आणि बसेल का? ही तार किती व्होल्टला किती वॅटची, हा तिसरा प्रश्न राहून जातो. खरे पाहता टोस्टरचे आयुष्य आणि घराची सुरक्षितता या तिसऱ्या प्रश्नाशीच बांधलेली आहेत.

तार लाल होईपर्यंत तापवावी, ही कल्पना जुनी आहे. अडचण होती ती धातूची. लोखंडाची तार तापविली तर हवेतील प्राणवायूशी तिचा संयोग होतो, तिच्यावर पोपडे धरतात, ते गळतात आणि तार झिजून तुटते. विजेच्या दिव्यातील टंगस्टन हवेत क्षणभरही टिकत नाही; म्हणून त्याला काचेच्या गोळ्यात कोंडावे लागते. पण टोस्टरची तार काचेत कोंडून कसे चालेल? उघड्या हवेत, रोज, वर्षानुवर्षे लाल होऊनही न जळणारा धातू हवा होता. तो अमेरिकेतील अल्बर्ट मार्श या धातुशास्त्रज्ञाने शोधला; त्याचे पेटंट १९०६ सालचे आहे. शंभरात सुमारे ऐंशी भाग निकेल आणि वीस भाग क्रोमियम असा हा मिश्रधातू पुढे 'नायक्रोम' या नावाने जगभर पसरला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९०९ साली, जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा टोस्टर बाजारात आला. त्यात पावाची एक बाजू भाजून झाली की तो हाताने उलटावा लागे. पाव आपोआप वर उडविणाऱ्या टोस्टरचे पेटंट चार्ल्स स्ट्राइट यांना १९२१ साली मिळाले.

या इतिहासात एक विनोदही घडला. २०१२ ते २०२२ अशी दहा वर्षे इंटरनेटवरील एका विश्वकोशात टोस्टरचा जनक म्हणून एका स्कॉटिश संशोधकाचे चरित्र झळकत होते. ते नाव वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांतही शिरले. अखेर हा संशोधक कधी अस्तित्वातच नव्हता, कोणीतरी गंमत म्हणून तो रचला होता, असे उघडकीस आले. १८९३ साली टोस्टर केल्याचे त्या गृहस्थाच्या नावावर होते. मात्र रोज लाल होऊन टिकेल असा धातू त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी हाती आला, एवढे कोणी ध्यानात घेतले असते तर संशय आधीच आला असता.

नायक्रोम जळत नाही, असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. तो किंचित जळतो, आणि त्या जळण्यातच त्याचे रक्षण असते. पहिल्यांदा तापताच त्यातील क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन तारेवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर धरतो. लोखंडाच्या पोपड्यासारखा तो सहज गळत नाही, आणि आतल्या धातूपर्यंत हवेला पोचू देत नाही. कोठे चीर गेलीच, तर उघड्या पडलेल्या जागी नवा थर धरतो. तार आपले चिलखत स्वतःच दुरुस्त करीत असते.

दुसरा गुण रोधाचा. सारख्या लांबीची व जाडीची तांब्याची आणि नायक्रोमची तार घेतली, तर नायक्रोमचा रोध साठपटींहून अधिक भरतो. याचा व्यवहारातील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आहे. ७५० वॅटचा टोस्टर करावयाचा, तर प्रवाह सव्वातीन अँपिअरच्या आसपास आणि तारेचा एकूण रोध सुमारे ७० ओम हवा. एक मिलिमीटर रुंद आणि एक दशांश मिलिमीटर जाड अशी नायक्रोमची पट्टी घेतली, तर तिचा रोध दर मीटरला ११ ओम येतो. म्हणजे साडेसहा मीटरांहून किंचित कमी पट्टी पुरते. तेच काम त्याच मापाच्या तांब्याच्या पट्टीकडून करून घ्यावयाचे, तर ती चारशे मीटरांच्या घरात लागेल. एवढी लांबी वितभर डब्यात कशी मावणार? शिवाय तापल्यावर तांब्याचा रोध भराभर वाढतो; नायक्रोमचा शेकडा थोडाच वाढतो, त्यामुळे त्याचे गणित थंड असतानाही जुळते आणि लाल झाल्यावरही.

पट्टीच का, गोल तार का नको, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. तेवढ्याच धातूची गोल तार ओढली, तर तिचा व्यास एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक आणि घेर सुमारे १.१ मिलिमीटर भरतो. पट्टीचा घेर मात्र २.२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. उष्णता पृष्ठभागावरून बाहेर पडते. पृष्ठभाग दुप्पट झाला, की तीच उष्णता कमी तापमानावर बाहेर टाकता येते, आणि तारेचे आयुष्य वाढते. पट्टी सपाट बसते, तिची रुंद बाजू पावाकडे राहते, हा आणखी एक लाभ. लाल पट्टीतून निघणारे अवरक्त किरण पावाच्या पृष्ठभागावर पडतात, तो कोरडा होतो, आणि १४० अंश सेल्सियसच्या पुढे त्यातील साखर व प्रथिने यांचा संयोग होऊन तांबूस रंग आणि खरपूस वास येतो. ही क्रिया १९१२ साली फ्रान्सच्या लुई कामीय मायार यांनी प्रथम वर्णिली.

आता जुळणीकडे वळू. लाल तार ज्यावर गुंडाळावयाची, तो पत्रा विजेला वाट न देणारा आणि उष्णतेने न वितळणारा हवा. हे काम अभ्रकाचे. अभ्रकभस्मामुळे हा शब्द मराठी कानांना फार दिवसांचा ओळखीचा आहे. झारखंडातील कोडर्मा आणि आंध्रातील नेल्लोर येथील अभ्रक एके काळी साऱ्या जगाच्या विद्युत्उद्योगाला पुरविले जात असे. अभ्रकाचा पातळ पत्रा मापाने कापतात, त्याच्या कडांना खाचा पाडतात आणि खाचेखाचेतून पट्टी गुंडाळीत नेतात. दोन पाव भाजणाऱ्या टोस्टरात असे तीन पत्रे असतात: दोन बाहेरच्या बाजूंना आणि एक मध्ये. मधल्याला दोन्ही पावांची आतली बाजू भाजावयाची असते, म्हणून त्यावर दोन्ही अंगांनी पट्टी उघडी ठेवतात. बाहेरच्या पत्र्यांवर ती मुख्यतः पावाच्या बाजूला राहील अशी फिरवितात.

गुंडाळण्यातही हिशेब आहे. तापलेली हवा वर चढते, त्यामुळे पावाचा वरचा भाग लवकर भाजला जातो. तो फरक भरून काढण्यासाठी खालच्या भागात वेढे जवळजवळ आणि वर थोडे विरळ घेतात. पट्टीला ताणही नेमका लागतो. लाल होताना ती शेकडा एकाच्या आसपास लांबते. दहा सेंटिमीटरचा वेढा सुमारे एक मिलिमीटरने सैल पडतो. आधीच ढिली गुंडाळलेली पट्टी मग लोंबते आणि शेजारच्या वेढ्याला टेकते. टेकली, की मधला भाग प्रवाहाच्या वाटेतून वगळला जातो, उरलेल्या तारेवर भार वाढतो आणि ती अकाली जळते.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे सांधा. पट्टीची टोके अभ्रकावर बसविलेल्या धातूच्या रिव्हेटखाली घट्ट दाबतात किंवा बिंदूवेल्डिंगने जोडतात. तेथे डाख चालत नाही. कथील व शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ अंशांपासूनच वितळू लागतो, आणि लाल पट्टीचे तापमान सातशे अंशांच्या घरात असते. दाब कमी पडला, तर सांध्याचा रोध वाढतो. रोध वाढला, की तेथे उष्णता वाढते. उष्णतेने सांध्यावर गंज धरतो, आणि गंजाने रोध आणखी वाढतो. जो अडथळा सहा मीटरांवर सारखा पसरलेला असताना पाव भाजतो, तोच एका टिंबाएवढ्या जागी गोळा झाला, की टोस्टर जाळू शकतो. तारेचा मृत्यूही याच नियमाने होतो. रोजच्या तापण्यानिवण्याने चिलखताला चिरा जातात, क्रोमियम खर्च होत जातो, एखादी जागा बारीक होते; बारीक जागेचा रोध अधिक, म्हणून ती अधिक तापते, अधिक झिजते आणि एके दिवशी तुटते.

तुटलेली तार पीळ देऊन जोडणे, हा सर्रास आढळणारा उपाय याच कारणासाठी घातक आहे. पिळाचा सांधा सैल असतो, हा एक दोष. दुसरा दोष गणिताचा. जोडताना दहावा हिस्सा तार कमी झाली, तर रोध कमी होऊन ७५० वॅटचा टोस्टर ८३० वॅटच्या वर जातो; पाव लवकर भाजला म्हणून घरातील माणसे खूश होतात आणि तार मात्र झपाट्याने झिजू लागते. विजेचा दाब शेकडा दहाने चढला, तर उष्णता शेकडा एकवीसने वाढते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आधीच आखूड झालेल्या तारेवर असा दाब आला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

म्हणून दुकानात गेलेल्याने तो तिसरा प्रश्न विचारावा. टोस्टरच्या तळाशी व्होल्ट आणि वॅट लिहिलेले असतात. तेवढ्याच आकड्यांची तार घ्यावी, आणि ती अभ्रकाच्या पत्र्यासकट बदलावी. जाणत्या कारागिराने ओममापकाने रोध मोजून द्यावा. दाबाच्या वर्गाला वॅटने भागले, की अपेक्षित आकडा मिळतो. घरगुती विद्युत्उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ३०२ आहे. नवे उपकरण घेताना मानकचिन्ह पाहावे. पत्र्याच्या टोस्टराला तीन पायांचाच प्लग हवा, आणि भिंतीतील भूतार खरोखर जोडलेली हवी. पाव अडकला, तर आधी प्लग काढावा, तार निवू द्यावी, मगच लाकडी चिमट्याने तो उचलावा. सुरी किंवा चमचा कधीही घालू नये. तार काळी दिसते म्हणून ती निर्जीव आहे, असे समजणे धोक्याचे असते. प्लगमधील किंवा भिंतीतील जोडणी उलटी असेल आणि टोस्टरचे बटण एकाच तारेत असेल, तर तांबडेपणा गेल्यावरही त्या पट्टीत प्राणघातक दाब उभा असू शकतो.

एकाच बाजूने पाव पांढरा राहू लागला, तर त्या पत्र्याची तार स्वतंत्र जोडलेली असून तीच तुटली, असे समजावे. सारा टोस्टर थंड पडला आणि तारा एकामागे एक जोडलेल्या असतील, तर कोठेही झालेला एक तुकडा त्याला पुरेसा असतो. एवढे निदान करता येणाऱ्या घरात चांगला टोस्टर केवळ एका तारेपायी भंगारात जात नाही, आणि वाईट दुरुस्तीपायी आगही लागत नाही. जुन्या पेठेतील दुकानातून आणलेली काही मीटर पट्टी नीट मोजलेली, नीट गुंडाळलेली आणि नीट दाबलेली असली, म्हणजे तिच्याकडून आणखी काही वर्षांची सेवा निर्धास्तपणे घेता येते.