हरित वाहनांमागचे शिसे

ई-रिक्षा रस्त्यावरचा धूर घटवतात हे खरे असले, तरी त्यांपैकी अनेकींत बसवलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, आणि निकामी झालेल्या अनेक बॅटऱ्या अनौपचारिक भट्ट्यांवर, म्हणजे परवाना व धूर खेचणारी यंत्रणा नसलेल्या ठिकाणी, हातांनी फोडून वितळवल्या जातात. श्वासावाटे आणि न धुतलेल्या हातांवाटे कामगाराच्या शरीरात शिरलेले शिसे हाडांत दशकानुदशके साठून राहते, रक्तक्षय, मूत्रपिंडाचे व मज्जासंस्थेचे विकार घडवते आणि, सर्वांत क्लेशदायक म्हणजे, कपड्यांवरील धुळीतून त्याच्या मुलांपर्यंत पोहोचते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्या फोडणाऱ्यांच्या रक्तातील शिशाची नियमित तपासणीही तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवी.