सोनटक्क्याला सप्टेंबरपर्यंत वेळ द्या

आमच्या घरामागे, उत्तरेची भिंत आणि फणस यांच्या मधल्या पट्ट्यात ऊन येतं ते सकाळचे दोन तास. तिथे गुलाब तग धरत नाही, मोगऱ्याला कळी येत नाही. पण भाद्रपदातल्या संध्याकाळी मागचं दार उघडलं की सोनटक्क्याचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. जुलैत याच झाडाला ‘नुसता पाला’ म्हणत उपटणारे पुष्कळ भेटतात, त्याचं वाईट वाटतं.

सोनटक्का आलं-हळदीच्या कुळातला. योहान क्योनिग या निसर्गअभ्यासकाने दिलेलं हेडिकियम कोरोनॅरियम हे त्याचं शास्त्रीय नाव 1783 मध्ये प्रसिद्ध झालं. हेडिकियम म्हणजे ग्रीकमध्ये ‘गोड’ आणि ‘बर्फ’. पहिल्या पावसात जमिनीतल्या कंदाला कोंब फुटतात आणि माणसाच्या उंचीचे होतात. फुलांचा तुरा येतो तो दांड्याच्या अगदी शेंड्याला. म्हणजे आधी सगळी पानं, मग फूल. सावलीत वाट्याला येणाऱ्या थोड्या उजेडावर ही पानं अन्न तयार करतात. त्यातूनच दांडा वाढतो, कंद पोसतो आणि शेवटी तुरा येतो. जुलैत शेंडा खुडला, तर त्या दांड्याचं फूल गेलंच.

एक फूल हातात घेऊन बघा. खऱ्या पाकळ्या म्हणजे मागे लोंबणाऱ्या तीन अरुंद पट्ट्या. आपण पाकळ्या समजतो ते रुंद, पांढरे भाग हे रूप बदललेले वांझ पुंकेसर आहेत. परागकण देणारा पुंकेसर एकच, आणि स्त्रीकेसराचा नाजूक धागा त्याच्याच खोबणीतून वर येतो. लांब नळी, पांढरा रंग आणि अंधारात दरवळणारा वास ही सगळी तयारी लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी.

लागवड मेअखेरीस करावी. डोळे असलेले कंदाचे तुकडे हातभर अंतरावर, उथळ लावून वर शेणखत आणि पालापाचोळा घालावा. ओल कायम हवी. जुन्या परसात तो न्हाणीच्या पाण्यावर वाढायचा, तो म्हणूनच. गर्द अंधारात मात्र पानंच येतात, थोडं कोवळं ऊन लागतंच. दांडा एकदाच फुलतो, म्हणून बहर सरला की तो बुडातून कापावा. काढलेले जादा कंद ओढ्याकाठी टाकू नयेत; ब्राझील आणि हवाईत सोनटक्क्याने असेच पाणथळ काठ व्यापले आहेत.

जुलैतला तो पाला सप्टेंबरचा वास घडवत असतो. त्याला हात लावू नका.