डॉलंड : विणकराच्या घरातले चष्मेवाले

लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये फ्रान्सहून धर्मछळामुळे पळून आलेल्या रेशीम विणकरांची वस्ती होती. तिथेच १७०६ साली जॉन डॉलंड जन्मला. पोटासाठी माग चालवत त्याने गणित आणि प्रकाशशास्त्र स्वतःच शिकून घेतले. त्याचा मुलगा पीटर याने १७५० साली चष्मे-दुर्बिणींचे दुकान थाटले. दोन वर्षांनी बाप माग सोडून मुलाच्या दुकानात आला.

तेव्हाच्या दुर्बिणीतून ताऱ्याभोवती रंगीत कडा दिसत. भिंग निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळवते, म्हणून सगळे रंग एका ठिकाणी जुळत नाहीत. यावर इलाज नाही असे मानून न्यूटन आरशाच्या दुर्बिणीकडे वळला होता. जॉननेही आधी न्यूटनचीच बाजू लढवली. मग प्रयोग केले आणि मत बदलले. क्राउन काचेच्या बहिर्गोल भिंगाला फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग जोडले, की पहिल्याने फाकवलेले रंग दुसरे आवरते. १७५८ साली त्याला पेटंट आणि रॉयल सोसायटीचे कोपली पदक मिळाले. १७६१ साली तो राजा तिसऱ्या जॉर्जचा चष्मेवाला झाला आणि त्याच वर्षी वारला.

पण चेस्टर मूर हॉल या वकिलाला ही युक्ती १७३३च्या सुमारासच सापडली होती. त्याचा आधार घेऊन लंडनचे दुकानदार पेटंटविरुद्ध उठले. न्यायालयाने कौल पीटरला दिला : शोध खणात ठेवणाऱ्यापेक्षा तो लोकांच्या हाती देणारा हक्कदार. मला हा निकाल पटतो. मात्र पीटरने पुढे त्याच्या बळावर इतर चष्मेवाल्यांना जेरीस आणले, ते पटत नाही.

गिऱ्हाइके मोठी होती. १७६९ साली ताहितीत शुक्राचे अधिक्रमण पाहणाऱ्या कॅप्टन कुकच्या सामानात डॉलंडचा सूक्ष्ममापक होता, अमेरिकेत टॉमस जेफर्सनकडे त्यांची दुर्बीण होती. पण ही नावे दुकानाची शोभा. खरी पुण्याई दोन काचा अचूक घासून जुळवणाऱ्या हातांची.

१९२७ साली ही पेढी जेम्स एचिसनच्या पेढीत मिसळून ‘डॉलंड अँड एचिसन’ झाली. २००९ साली ती ‘बूट्स’च्या चष्मा व्यवसायात विलीन झाली आणि पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या दुकानांवरून डॉलंड हे नाव उतरले.