'आरास' शब्द मराठीत आला कुठून? शाहजहानच्या मुलीच्या नावाशी त्याचे नाते काय?

गणपती जवळ आले की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'गौरी-गणपती आरास स्पर्धे'ची पोस्टर्स फिरू लागतात. त्यासोबत एक सल्लाही हमखास वाचायला मिळतो : सजावट हा हिंदी शब्द आहे, आपल्या मराठीत 'आरास' म्हणा.

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण शब्दांचे मूळ तपासले तर गंमत होते. 'आरास' हा मुळात फारसी शब्द आहे आणि ज्याला परका म्हणून बाजूला सारायचे, त्या 'सजावट'चे मूळ संस्कृतात आहे.

'आराइश'ची 'आरास' कशी झाली?

फारसीत 'आरास्तन' म्हणजे सजवणे, नीट मांडणे. त्यावरून 'आराइश' म्हणजे सजावट. मराठीत येताना मधला 'इ' गळला आणि शेवटच्या 'श'चा 'स' झाला. हा बदल एकट्या याच शब्दात झालेला नाही. 'सिफारिश'ची आपण 'शिफारस' केली आणि 'बख्शिश'चे 'बक्षीस'. त्याच रांगेतली ही 'आरास'. उर्दूत आराइश स्त्रीलिंगी आहे आणि मराठीतही आपण 'ती आरास' असेच म्हणतो.

याच क्रियापदाचे एक रूप इतिहासाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते. शाहजहानची मुलगी जहाँआरा (१६१४-१६८१). जहाँ म्हणजे जग, आरा म्हणजे सजवणारी. जगाला शोभा आणणारी, असा त्या नावाचा अर्थ. दिल्लीतला चांदनी चौक तिनेच वसवला, त्यामुळे नाव अगदीच वाया गेले नाही! तिची धाकटी बहीण रोशनआरा, तिच्या नावातही हाच 'आरा' आहे.

उत्तरेत 'आराइश'ला आणखी एक अर्थ होता. लग्नाच्या वरातीसोबत कागदी फुलांचे ताटवे आणि झाडे मिरवत नेत, त्यांनाही आराइश म्हणत. गौरीपुढे क्रेप कागदाची फुले लावणाऱ्यांना हा अर्थ फार लांबचा वाटणार नाही.

फारसी शब्द देवघरापर्यंत कसा पोहोचला?

१३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाली. पुढे अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही आली. एवढी शतके दख्खनच्या दरबारात आणि दफ्तरात फारसीचा वावर होता. कागदपत्रांतले शब्द हळूहळू बाजारात आणि तिथून घरात आले. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला, तेव्हा रोख मुख्यतः राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांवर होता. त्यांना संस्कृत पर्याय देण्यात आले. घरगुती शब्द मात्र तोवर रुळले होते. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' असे शब्द रूढ केले. 'आरास' तरीही टिकली. ती परकी आहे हे कुणाच्या लक्षातच येत नसावे.

ती एकटी नाही. मंडपात शिरताना लागणारी 'कमान' फारसी (मूळ अर्थ धनुष्य), 'रोषणाई' आणि 'पडदा' हेही फारसी. 'कंदील' आणि 'नक्षी' अरबीतून आलेले. मंडप, तोरण आणि मूर्ती संस्कृत. आणि ज्या 'हौसे'ने हे सगळे केले जाते, ती अरबी 'हवस'. हिंदीत या शब्दाचा अर्थ वासनेकडे झुकला. मराठीत मात्र हौसेला मोल नसते!

मग 'सजावट' कुठली?

शब्द आला हिंदीतूनच, त्याबद्दल वाद नाही. 'सजाना' या क्रियापदाला 'आवट' प्रत्यय लागून तो तयार झाला. 'लिखावट', 'बनावट' यांसारखाच. पण 'सजाना' मागे जाऊन पोहोचतो संस्कृत 'सज्ज'पर्यंत. मराठीतले सजणे, सजवणे त्याच कुळातले.

इथेच दोन्ही शब्दांची खरी गाठ पडते. सज्ज म्हणजे तयार. सैन्यही सज्ज होते. फारसी-उर्दूतही लढाईसाठी फौजेच्या रांगा लावण्याला 'सफ-आराई' म्हणतात. म्हणजे एकमेकांपासून इतक्या दूर वाढलेल्या या दोन शब्दांच्या मुळाशी नटवण्याआधी एकच कल्पना आहे : नीट लावून तयार ठेवणे. शोभा हा त्याचा पुढचा अर्थ.

मराठीच्या वापरात ही मांडणीची छटा अजून दिसते. एकादशीला पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात फुलांची आरास होते, दिवाळीत दिव्यांची. पण नवरीची 'आरास' कुणी करत नाही, तिला सजवतात. दिवाणखान्याला नवा रंग दिला, सोफा बदलला, तर ती गृहसजावट. अनेक वस्तू एकत्र लावायच्या, लोकांनी येऊन पाहायच्या आणि ठरलेल्या दिवशी उतरवून ठेवायच्या, अशा कामाला मराठी माणूस आरास म्हणतो. त्यामुळे स्पर्धेच्या पोस्टरवर 'आरास'च शोभते. फक्त ती शुद्ध मराठी आहे, हे कारण देता येणार नाही.