मुलाम्यातली ओढ
धातूंची त्वचा : लेखांक ९

विजेच्या मदतीने पोलादावर निकेलचा थर कसा चढतो, ते मागच्या लेखात पाहिलं. मुलाम्याच्या द्रावणातून, म्हणजे बाथमधून, निघालेला तुकडा चकचकीत दिसतो, पण त्याचा थर बहुधा ताणलेला किंवा दाबलेला असतो. ताण जास्त झाला की तडे जातात, दाब जास्त झाला की फुगे येतात, आणि दोन्हींत पापुद्रे सुटू शकतात.

हा ताण मोजायची रीत जॉर्ज जेराल्ड स्टोनी या आयरिश अभियंत्याने १९०९ साली प्रसिद्ध केली. वाफेच्या टर्बाइनमुळे प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स पार्सन्स यांच्याकडे तो कामाला होता. सर्चलाइटच्या आरशांवरची चांदी टिकावी म्हणून तिच्यावर तांब्याचा थर चढवून पाहताना, थर जाड झाला की तो सुटतो, असं त्याच्या लक्षात आलं. मग त्याने पोलादाची पातळ पट्टी घेऊन तिच्या एकाच बाजूला निकेल चढवलं. पट्टी निकेलच्या बाजूला वाकली, म्हणजे निकेल आकसू पाहत होतं.

आकडे घालून पाहू. पट्टी ०.३ मिलिमीटर जाड आणि १०० मिलिमीटर लांब आहे. तिच्यावर १० मायक्रॉन निकेल चढवलं आणि त्यात २०० मेगापास्कल ताण राहिला, तर पट्टीचा मध्य टोकांच्या रेषेपासून अर्धा ते पाऊण मिलिमीटर सरकतो. सपाट काचेवर ठेवली तर फट नुसत्या डोळ्यांना दिसते. स्टोनीच्या सूत्राची खरी गंमत अशी की थराचा स्थितिस्थापकतेचा गुणांक माहीत असावा लागत नाही. दोन्ही जाड्या, पट्टीचा गुणांक आणि बाक एवढ्यावर भागतं. आज सिलिकॉनच्या चकत्यांचा बाक लेसरने मोजतात, पण हिशेब तोच असतो.

हा ताण दोन वाटांनी येतो. एक थर बसत असतानाच येतो: अणूंची बेटं वाढता वाढता एकमेकांना भिडतात, त्यांच्यातल्या फटी मिटताना थर ओढला जातो. दुसरा तापमानातून येतो. तापमान एका अंशाने वाढलं की निकेल दर दहा लाख भागांमागे साधारण १३ भाग वाढतं, पोलाद १२, तांबं १७ आणि सिलिकॉन जेमतेम अडीच. ५५ अंशांच्या बाथमधून काढलेला तुकडा २५ अंशांवर आला की पोलादावरच्या निकेलला फारसा फरक पडत नाही. तोच थर सिलिकॉनवर असेल तर नुसत्या थंड होण्याने ९० मेगापास्कलच्या आसपास ताण येतो. चिप बनवताना तापमान शेकडो अंश चढतं-उतरतं, तेव्हा तिच्यातलं तांबं ताण साठवता साठवता शरण जातं आणि त्याचा आकार कायमचा बदलतो.

क्रोमचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या नळात किंवा गाडीच्या जाळीत उलटा पेच असतो. एबीएस प्लॅस्टिक धातूपेक्षा पाच-सहा पट जास्त फुगतं. उन्हात ते पसरतं आणि वरच्या धातूला ताणतं. क्रोम ठिसूळ असल्यामुळे त्याला ही ओढ सोसत नाही. म्हणून खाली तांब्याचा मऊ थर देतात. तो स्वतः लवतो आणि वरच्या थरांवरची ओढ कमी करतो.

ताण पुरता घालवणं सहसा जमत नाही. त्याच्याशी तडजोड करायच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट उलटा ताण निर्माण करण्याची. निकेलच्या बाथमध्ये थोडं सॅकरिन घालतात, तेच गोड सॅकरिन. त्यातलं गंधक थरात शिरतं आणि ओढ कमी होते. प्रमाण वाढवलं तर ओढीच्या जागी दाबही येतो. पण तुकडा पुढे बराच तापणार असेल तर हेच गंधक निकेलला ठिसूळ करतं. म्हणून सॅकरिनचा थर थंड जागीच शोभतो.

दुसरी वाट प्रसरण जुळवण्याची. लोखंडात ३६ टक्के निकेल मिसळलं की इन्व्हार बनतं. तापल्यावर ते जवळजवळ वाढत नाही. हा शोध शार्ल एदुआर गियोमने १८९६ मध्ये लावला. त्याला १९२० चं नोबेल मिळालं. मुलामा म्हणून इन्व्हार चढवणं मात्र कटकटीचं. बाथमध्ये लोखंड निकेलच्या पुढे धावतं आणि प्रमाण सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. शिवाय चढवलेला थर तापवून मऊ केल्याशिवाय त्याचे इन्व्हारी गुण पुरते उतरत नाहीत.

तिसरी वाट सगळ्यांत धूर्त: ताण असू दे, पण त्याचा उपद्रव होऊ नये. हार्डडिस्कच्या हेडसाठी निकेल-लोखंडाचा मुलामा वापरात आला, तेव्हा साधारण ८० टक्के निकेल असलेलं पर्मॅलॉय निवडलं गेलं. या प्रमाणाच्या आसपास ताण आणि चुंबकीय गुण यांचं नातं जवळजवळ तुटतं. थर ओढलेला असला तरी त्याचं चुंबकत्व फारसं बिघडत नाही. दोन-चार टक्के निकेल इकडेतिकडे झालं की हा फायदा हातचा जातो. म्हणून तिथे बाथवर कडक नजर ठेवतात.

राहिली जाडी. ताण तेवढाच असला तरी जाडी दुप्पट केली की थरात साठलेली ऊर्जाही दुप्पट होते. स्टोनीचं तांबं जाड झाल्यावरच का सुटलं, ते यातून कळतं. ही ऊर्जा थराची पकड कधी मोडते, आणि ती पकड कशाची असते, ते पुढच्या लेखात पाहू.